प्लेगची टोचणी

नाशिकरोड स्टेशनवर उतरून आपण गावाकडे निघालात, की वाटेत द्वारका लागते. पुण्याकडून आलेला रस्ता इथे मुंबई-आग्रा रस्त्याला मिळतो. आज डोक्यावर उड्डाणपूल आहे, आणि खाली रिक्षा, एस. टी. गाड्या, भाजीचे टेम्पो यांची दाटी. चारी दिशांनी माणसे येतात नि चारी दिशांना पांगतात. अशा नाक्यावर घटकाभर थांबले, की एक गोष्ट मनात आल्यावाचून राहत नाही. ज्या वाटेने यात्रेकरू येतो, धान्य येते, पाहुणा येतो, त्याच वाटेने रोगही येतो. रोगाला वेगळा रस्ता नसतो.

सव्वाशे वर्षांपूर्वी असाच एक रोग मुंबईहून आगगाडीच्या वाटेने महाराष्ट्रात पसरला. वैद्य मंडळी त्याला ग्रंथिक सन्निपात म्हणत, डॉक्टर प्लेग म्हणत आणि साधी माणसे गाठीचा ताप म्हणत. काखेत किंवा जांघेत गाठ यायची, ताप चढायचा, माणूस बरळू लागायचा, आणि पुष्कळदा चार-पाच दिवसांत सारे संपायचे. घरात उंदीर मरून पडला, की लोक भांडीकुंडी उचलून गावाबाहेर झोपड्यांत राहायला जात. जुन्या घराण्यांत अजून त्या झोपड्यांच्या गोष्टी सांगतात. पणजोबा अमक्याच्या मळ्यात जन्मले; का, तर तेव्हा गाव प्लेगने ओस पडले होते!

नाशिकपासून काही कोसांवरचे भगूर घ्या. १८९९ साली तिथल्या सावरकरांच्या घरात प्लेग शिरला. वडील दामोदरपंत गेले, पाठोपाठ चुलते गेले. धाकट्या नारायणाला ताप आला, तेव्हा त्याला नाशिकच्या प्लेगच्या इस्पितळात आणले. थोरला भाऊ गणेश त्याच्या उशाशी बसून शुश्रूषा करीत होता. त्यालाही गाठ आली. सुदैवाने दोघेही वाचले. पुढे या भावंडांचे नाव देशभर झाले म्हणून ही हकीकत आपल्याला ठाऊक आहे. पण त्या वर्षांत अशी घरे गावोगाव होती, आणि त्यांतल्या बहुतेकांची कुठे नोंद राहिली नाही. हिंदुस्थानात १८९६ पासून पुढच्या काही दशकांत प्लेगने एक कोटीहून अधिक माणसे नेली.

आता मुळाकडे जाऊ. सप्टेंबर १८९६. मुंबईच्या मांडवी भागात धान्याची मोठमोठी गोदामे होती आणि त्यांना लागून दाटीवाटीच्या चाळी. तिथे चमत्कारिक तापाने माणसे दगावू लागली. मूळचे गोव्याचे डॉक्टर अकासिओ व्हिएगश यांनी रोगी तपासले आणि निदान केले, की हा प्लेग आहे. ऐकणाऱ्यांना ते पटेना. व्यापाराचे शहर ते. प्लेगचे नाव काढले, की बंदरे बंद, आगबोटी बंद. पण निदान खरे ठरले, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस लोक मुंबई सोडून पळू लागले. जो तो गाडी पकडून आपल्या गावी निघाला. सोबत कुणाच्या गाठोड्यात काय गेले, ते पुढच्या वर्षी महाराष्ट्राने पाहिले.

सरकार घाबरले. ४ फेब्रुवारी १८९७ ला साथीच्या रोगांचा कायदा आला. स्टेशनांवर उतारूंची तपासणी सुरू झाली. रोग्याला उचलून इस्पितळात न्यायचे, घरच्यांना वेगळ्या छावणीत ठेवायचे, घराची कौले काढून ऊन आत घ्यायचे, सामान जाळायचे, असा खाक्या झाला. पुण्यात तर गोरे शिपाई घरात शिरू लागले. माजघर म्हणू नका, देवघर म्हणू नका. लोकांच्या मनात रोगापेक्षा तपासणीचीच धास्ती बसली. माणसे रोगी लपवू लागली, प्रेते रातोरात गुपचूप हलवू लागली. २२ जून १८९७ च्या रात्री पुण्याच्या गणेशखिंडीच्या रस्त्यावर प्लेग कमिटीचा प्रमुख रँड याच्यावर चाफेकर बंधूंनी गोळी झाडली. तो इतिहास आपण शाळेत शिकलो आहो.

त्याच पुण्यात, त्याच वर्षी, दुसरेही एक चित्र होते. सावित्रीबाई फुले आणि त्यांचे डॉक्टर पुत्र यशवंतराव यांनी हडपसरजवळ माळावर प्लेगच्या रोग्यांसाठी दवाखाना चालवला होता. सावित्रीबाई एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन तिथे आल्या आणि त्यांनाच रोगाने गाठले. १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. त्यांच्याकडे लोक रोगी घेऊन येत आणि शिपायापासून रोगी लपवीत. रोग एकच, पुणे एकच. मग फरक कशात होता? पुढची सारी हकीकत वाचताना हा प्रश्न मनात असू द्या.

या धामधुमीत मुंबईत एक परदेशी माणूस निमूटपणे काम करीत होता. त्याचे नाव वाल्डेमार हाफकिन. जन्म १८६० चा, रशियाच्या साम्राज्यातील ओडेसा शहरातला. जातीने ज्यू. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत त्याने पटकीवरची लस तयार केली होती आणि १८९२ मध्ये ती आधी स्वतःला टोचून घेतली होती. १८९३ पासून तो हिंदुस्थानात ती लस टोचीत हिंडत होता. ऑक्टोबर १८९६ मध्ये सरकारने त्याला मुंबईस बोलावले. भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात त्याला जागा मिळाली ती एक खोली आणि बाहेरचा व्हरांडा. हाताखाली एक कारकून आणि तीन शिपाई. एवढ्या सरंजामावर त्याने प्लेगशी सामना मांडला.

लस म्हणजे काय, ते थोडक्यात सांगतो. प्लेगचा जंतू १८९४ साली हाँगकाँगला सापडला होता. हा जंतू बाटलीत वाढवायचा, मग मारायचा, आणि ते मेलेले जंतू माणसाच्या अंगात टोचायचे. मेलेला जंतू रोग देत नाही, पण शरीराला त्याची ओळख पटते. एखाद्या दरोडेखोराचा हुलिया आधीच गावच्या चावडीवर लावून ठेवावा, म्हणजे तो वेशीत पाऊल टाकताच जागले त्याला धरतात, तसाच हा प्रकार. रक्तातले हे जागले म्हणजे एक प्रकारची प्रथिनेच असतात. शरीर ती स्वतः घडवते, पण ओळख पटल्यावर ती घडवायला थोडे दिवस लागतात. रोग भराभर चढणारा असला, तर तेवढे दिवस मिळत नाहीत. लस ते दिवस आधीच मिळवून देते.

पण जंतू वाढवायचा, तर त्यालाही खायला हवे! हाफकिनने बकऱ्याच्या मांसाचा रस्सा केला. गाईचे नको, डुकराचे नको. टोचून घेणारा हिंदू असो वा मुसलमान, त्याच्या मनाला खटकू नये, हे त्याने पाहिले. त्या रश्श्यावर त्याने आपल्या स्वयंपाकघरातली वस्तू सोडली. काय असेल? तूप! तुपाचे थेंब वर तरंगत, आणि त्यांना खालून चिकटून जंतूंचे तंतू रश्श्यात लोंबू लागत. वळचणीला कोळिष्टके लोंबावीत तसे. बाटली हलवली, की तंतू तुटून तळाला बसत आणि वर नवे धरू लागत. असे काही आठवडे चाले. मग सारी बाटली तापवून जंतू मारायचे आणि थोडे कार्बोलिक घालायचे. झाली लस तयार.

तीन महिन्यांत त्याने हे साधले. १० जानेवारी १८९७ ला त्याने ती लस स्वतःला टोचून घेतली, आणि मात्रा घेतली ती पुढे लोकांना दिली त्याच्या कितीतरी पट. ताप चढला, टोचल्या जागी ठणका लागला. पण दोन-चार दिवसांत माणूस कामावर हजर. एवढ्याने लस निर्धोक ठरली. गुणकारी ठरली का? नाही. टोचून घेतलेल्याला प्लेग झाला नाही, तर तो लशीमुळे झाला नाही की मुळात होणारच नव्हता, हे कसे सांगायचे? एका माणसावरून हे कळत नाही. माणसे मोजावी लागतात. आणि नुसती टोचलेली मोजून भागत नाही, न टोचलेलीही मोजावी लागतात.

ती संधी त्याच महिन्यात आली. भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. आत तीनशेहून अधिक कैदी होते. हाफकिनने विचारले, कोण टोचून घ्यायला तयार आहे? निम्म्याच्या आसपास कैदी पुढे आले. त्यानंतरच्या दिवसांचा हिशेब असा : न टोचलेल्यांपैकी १२ जणांना प्लेग झाला आणि ६ दगावले. टोचलेल्यांपैकी दोघांना झाला आणि दगावले कुणीच नाही. भिंती एक, भाकरी एक, हवा एक. फरक फक्त टोचण्याचा. आता, कैद्याचे "हो" हे कितपत मोकळ्या मनाचे असते, हा प्रश्न आज आपण विचारू, आणि विचारलाच पाहिजे. पण त्या काळी ज्याला पुसल्यावाचून त्याच्या घराची कौले उतरवली जात होती, त्याच माणसाला इथे कुणीतरी "घेतोस का?" असे विचारले, हेही विसरू नये.

याहून मोठी परीक्षा १८९८ च्या फेब्रुवारीत झाली. बडोद्याच्या राज्यात उंढेरा नावाचे गाव आहे. गादीवर तेव्हा सयाजीराव महाराज होते, म्हणजे आपल्या नाशिक जिल्ह्यातल्या मालेगाव तालुक्याच्या कवळाण्याचे. उंढेऱ्यात प्लेग फुटला होता. हाफकिन तिथे गेला आणि त्याने घरटी माणसे मोजली. प्रत्येक घरातली निम्मी माणसे टोचायची, निम्मी तशीच ठेवायची. आणि दोन्ही वाट्यांत बाप्ये, बाया, पोरे, थकलेली नि धडधाकट माणसे शक्य तितकी सारखी येतील, असे पाहायचे. गावात पाचशेच्या वर माणसे टोचली गेली. मंडळी परतली. काही आठवड्यांनी पुन्हा घरोघर जाऊन नोंद घेतली.

ही नोंद जरा सावकाश वाचा. प्लेग २८ घरांत शिरला होता. त्या घरांत टोचलेली माणसे ७१. त्यांपैकी ८ जणांना प्लेग झाला आणि ३ दगावली. त्याच घरांत न टोचलेली माणसे ६४. त्यांपैकी २७ जणांना प्लेग झाला, आणि २६ दगावली.

एका छपराखाली एकाच चुलीवर जेवणारी, एका हंड्यातले पाणी पिणारी ही माणसे. एक भाऊ टोचलेला, दुसरा न टोचलेला. हिशेब केला, तर लशीने दर दहांतले जवळजवळ नऊ मृत्यू वाचवले. इतका स्वच्छ पुरावा त्या काळी जगात फार थोड्या औषधांपाशी होता. पण त्या २६ जणांचे काय? त्यांनी काही गुन्हा केला नव्हता. ते मोजणीच्या दुसऱ्या वाट्यात आले, एवढेच. लस तेव्हा नवी होती, ती चालते की नाही हे खात्रीने कुणालाच ठाऊक नव्हते, ही गोष्ट खरी. तरीही वाचताना जीव थोडा होतो. आज कोणत्याही लशीची परीक्षा घेताना आधी सारे समजावून सांगतात, लेखी संमती घेतात, आणि गुण दिसू लागला की दुसऱ्या वाट्यातल्यांनाही लस देण्याचा विचार होतो. ही रीत जगाने फार उशिरा नि पुष्कळ चुका करून शिकली. उंढेऱ्याच्या माणसांना तिचा लाभ मिळाला नाही. त्यांची नावेही आपल्याला ठाऊक नाहीत. आपण मात्र त्यांच्या हिशेबावर उभे आहो.

पुरावा मिळाला, पण लोकांचे मन वळायला पुराव्याहून वेगळे काही लागते. मुंबईत आगाखानांनी आपला बंगला प्रयोगशाळेसाठी दिला, आणि आपल्या खोजा समाजापुढे उभे राहून स्वतः टोचून घेतले. पाठोपाठ हजारो खोजांनी हात पुढे केले. कुठे कुणावर सक्ती केली नाही, शिपाई आणला नाही. घरातल्या वडीलधाऱ्याने आधी टोचून घेतले, एवढेच झाले. १८९९ साली प्रयोगशाळा परळच्या जुन्या सरकारी वाड्यात गेली. १९२५ पासून तिलाच हाफकिन संस्था म्हणतात.

लशीचा हा विश्वास किती नाजूक असतो, तेही लवकरच दिसले. ३० ऑक्टोबर १९०२ ला पंजाबातल्या मुलकोवाल गावी १०७ माणसांना टोचले. त्यांपैकी १९ जण धनुर्वाताने दगावले. सारे एकाच बाटलीतून टोचलेले. दोष सरळ हाफकिनच्या माथी आला, आणि त्याला कामावरून दूर केले. पुढे चौकशीत निघाले, की बाटली गावात उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला होता. मलेरियावाले रोनाल्ड रॉस आणि इतर शास्त्रज्ञ हाफकिनच्या बाजूने उभे राहिले. १९०७ मध्ये तो निर्दोष ठरला, हिंदुस्थानात परतही आला. पण उमेदीची पाच वर्षे गेली ती गेलीच. एका चिमट्याची किंमत १९ माणसे आणि एका संशोधकाचे नाव! इस्पितळात नर्सबाई सुई फेकून नवी काढतात, तेव्हा आपल्याला तो नसता खर्च वाटतो. तो खर्च नव्हे.

लस मिळाली, तरी रोग पसरतो कसा हे कळायचे होते. १८९८ मध्ये कराचीत सिमाँ नावाच्या फ्रेंच डॉक्टरने दाखवले, की आजारी उंदराच्या अंगावरची पिसू तो मेल्यावर दुसऱ्याच्या अंगावर जाते आणि रोग नेते. लोक हसले. १९०५ पासून परळच्या प्रयोगशाळेत त्याची कसून परीक्षा झाली. पिसवा असलेल्या खोलीत गिनीपिगांचे काही पिंजरे जमिनीवर ठेवले, काही उंच टांगले. जमिनीवरची मेली, टांगलेली वाचली. कारण पिसूला तेवढी उडी घेता येत नाही. मांडवीच्या गोदामांचे कोडे तेव्हा उलगडले. जिथे धान्य तिथे उंदीर, जिथे उंदीर तिथे पिसू, आणि जिथे पिसू तिथे अनवाणी हमाल. गावाबाहेर झोपड्यांत जाण्याची आपल्या लोकांची रीत शास्त्राला धरूनच होती. रोग्यापासून नव्हे, तर उंदरापासून माणूस दूर जात होता!

इथे अन्नाचा विचार केल्यावाचून पुढे जाता येत नाही. १८९९-१९०० साली, प्लेग असतानाच, महाराष्ट्रावर मोठा दुष्काळ आला. प्लेगने भरल्या पोटाच्या माणसालाही सोडले नाही, हे खरे. तरी रक्तातले जागले प्रथिनांचे असतात, हे मघाशी सांगितले. डाळ, दूध, अंडी पोटात गेली नाहीत, तर शरीराने ते घडवायचे कशातून? उपाशी मुलाला गोवर झाला तर तो जड जातो, आणि आजाराने अन्न तुटले की मूल आणखी खंगते. हे चक्र आज दवाखान्यातल्या प्रत्येक डॉक्टरला ठाऊक आहे. म्हणून सुईबरोबर ताटाचीही काळजी हवी. आणि धान्य नुसते असून भागत नाही, ते नीट साठवलेले हवे. १९९३ च्या सप्टेंबरात किल्लारीला भूकंप झाला. पुढच्या वर्षी, ऑगस्ट १९९४ मध्ये, बीड जिल्ह्यातल्या मामला गावात प्लेगचे रोगी निघाले, आणि महिनाभरात सुरतेत घबराट उडाली. लोक पुन्हा गाड्या भरभरून पळाले, १८९६ सारखेच. सोडून दिलेल्या घरांतल्या धान्यावर उंदीर माजले, असे कारण तेव्हा सांगितले गेले.

एक मात्र बदलले होते. आता प्लेगवर औषध होते. १९४० च्या सुमारास हाफकिन संस्थेतच साहिबसिंग सोखी आणि भालचंद्र दीक्षित यांनी सल्फाची औषधे प्लेगवर चालतात, हे दाखवले. दीक्षित पुढे दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेचे पहिले संचालक झाले. त्यानंतर स्ट्रेप्टोमायसिन आले. वेळेवर औषध मिळाले, तर आज प्लेगचा रोगी बहुधा बरा होतो.

आता आपण पुन्हा द्वारकेच्या नाक्यावर येऊ. १९९८ पासून महाराष्ट्राचे आरोग्य विज्ञान विद्यापीठ याच नाशकात आहे. १६ जानेवारी २०२१ ला देशभर कोरोनाची लस टोचायला सुरुवात झाली, तेव्हा नाशिककरही रांगेत उभे राहिले. कुणी पहिल्याच दिवशी गेले, कुणी महिनाभर शेजाऱ्याकडे पाहत बसले, कुणी कानावर आलेल्या अफवेने घाबरून घरी राहिले. आपणही त्यांपैकी एक असाल. घाबरणाऱ्याला हसू नका. त्याचा पणजोबा कदाचित शिपायाच्या भीतीने आजारी पोर माळ्यावर लपवून बसला असेल. त्याच्या शेजारी बसा, हिशेब समजावून सांगा, आणि जमल्यास आधी आपला दंड पुढे करा.

पुढल्या वेळी घरातल्या तान्ह्याला टोचायला न्याल, तेव्हा त्याचे कार्ड जपून ठेवा. त्यावरची प्रत्येक नोंद कुठल्या तरी उंढेऱ्याच्या हिशेबातून आलेली आहे. आणि पोर रात्री कुरकुरले, अंग तापले, तर भायखळ्याच्या त्या खोलीत स्वतःला टोचून घेऊन, ठणका सोशीत बसलेल्या परक्या माणसाची आठवण करा. सकाळपर्यंत ताप उतरतो.